मा दोमितिलाचं नाक

दोमितिलाला लहानपणापासून सगळ्याचीच शी वाटायची. टोळांच्या मोसमात सारं गाव दिव्याखाली चादरी पसरून टोळ गोळा करायचं, पोरं त्यांचे पाय-पंख तोडून ते कढईत टाकायची, आणि ही पोर परसात केळीच्या बुंध्याआड तोंडावर हात दाबून बसायची. आईनं केळ्या-घेवड्याच्या भांड्यात बोट बुडवून मीठ चाखलेलं दिसलं की हिचं जेवण बंद. एकदा आत्याकडे पाहुणी गेली असताना आत्यानं रीतीप्रमाणे चघळायला कॉफीच्या बिया हातावर ठेवल्या, तर ही उठली आणि त्या साबणानं धुऊन घेऊन आली. आत्यानं तो अपमान मरेपर्यंत विसरायचा नाही असं ठरवलं आणि तसं वागूनही दाखवलं.

असल्या मुलीला कोण पत्करणार, म्हणून बापानं तिला नर्सिंगला घातली. माणसाच्या उष्ट्याकडे जिला बघवायचं नाही, तिला रक्तामांसात नेऊन सोडली. सगळे हसले. पण पोरगी पास झाली, आणि तळ्याकाठच्या टेकडीवरच्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात रुजू झाली, ती तिथलीच होऊन बसली; पुढे लग्न झालं, मुलगा झाला, तरी वॉर्ड सुटला नाही.

ती आली तेव्हा तो वॉर्ड कसा होता हे सांगायला मला आजही नको वाटतं. बाळंतपणाच्या टेबलाखाली मांजर. ते तिथे का असायचं हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याला हाकलत नव्हतं. एका लोट्यातल्या पाण्यात बुडवलेला एकच बोळा एकीमागून एकीला फिरायचा. फरशीच्या सांध्यांत काहीतरी काळं वाळून बसलेलं, त्यावर माश्या. दोमितिला मागच्या दारी जाऊन ओकली, तोंड धुतलं, पदर खोचावा तसा झगा कमरेला खोचला आणि खराटा हातात घेतला. मांजर गेलं, बोळा गेला, फरशीचा मूळ रंग लोकांना पहिल्यांदा दिसला. तिच्या त्या किळसेनं किती बायका जगवल्या याचा हिशेब नाही, आणि हे श्रेय तिचं आहे, ते मी काढून घेणार नाही.

पण हाताबरोबर तिचं तोंडही चालायचं, आणि त्या तोंडाला खराट्यासारखी कोपऱ्यात उभं राहायची सवय नव्हती. पुढे वॉर्डाची ती मुख्य झाली, सगळे तिला मानानं मा दोमितिला म्हणू लागले, आणि मग तर विचारूच नका.

"शी! आंघोळ नावाचा प्रकार तुमच्या टेकडीवर पोचलाय की नाही अजून?" हे नेहमीचं. "ही टाच आहे की नांगरलेलं शेत?" हेही नेहमीचं. पण सगळ्यांत गाजलं ते दुसरंच. कळा देत आलेल्या एका बाईला टेबलावर घेतलं, चादर वर केली आणि मा दोमितिलानं नाक मुरडून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं, "हे काय वाढवून आणलंयस ग? ह्यात डॉक्टरनं मूल शोधायचं की हरवलेली बकरी?"

वॉर्ड हसला. टेबलावरची बाईसुद्धा हसली, करणार काय बिचारी, नर्सच्या हातात जीव होता. पुढच्या बाजारापर्यंत ती बकरी साऱ्या टेकड्यांवर पोचली. होड्यांतून पलीकडच्या बेटांवर गेली. आया लेकींना सांगू लागल्या, बाळाचे कपडे विसरलीस तरी चालेल, पण स्वच्छ होऊन जा, नाहीतर मा बकरी विचारील. आणि मा दोमितिलाला वाटत होतं की आपण बायकांना स्वच्छता शिकवली.

त्या काळात सीझर करायच्या आधी वॉर्डातच वस्तरा फिरवायची पद्धत होती. मग वरून हुकूम आला की हे बंद करा. डॉक्टर म्वोम्बेकी तरुण माणूस, बुकोबा शहरात शिकून आलेला. त्यानं सगळ्या नर्सना उभं करून समजावलं, की वस्तऱ्यानं कातडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात, त्यांत जंतू घर करतात, आणि मग आपण नेमका तिथूनच सुरा घालतो. केस आहेत तिथे राहू देत. अगदीच आड आले तर ऑपरेशनच्या खोलीत कातरू, पण तासायचे नाहीत. मा दोमितिलाला हे पटलं. कातडी, चिरा, पू, हे तिला कुणी दोनदा सांगायची गरज नव्हती. तिनं स्वतः जाऊन वस्तऱ्यांचा ट्रे उचलला, गंजकी पाती खड्ड्यात टाकली, वर माती लोटली. वॉर्डातून वस्तरा गेला. तिच्या जिभेवरचा तसाच राहिला, आणि त्याबद्दल हुकूम काढायचं कुणाला सुचलं नाही.

एवढं करूनही सीझरच्या जखमा चिघळायच्या. ज्यानं तो वास घेतलेला नाही त्याला सांगून कळणार नाही. उन्हात राहिलेल्या माशांची टोपली आणि त्यावर ओतलेलं गोड दूध, असलं काहीतरी. टाके उसवायचे, आतून पिवळं यायचं, बाळाला पाजायला कुशीवर वळताना बाई दातांवर दात आवळायची. मा दोमितिलाला दारातूनच कळायचं की आज कोणती खाट बिघडली.

मग ती गुन्हेगार शोधायला निघायची. पहिली सापडायची सासू. बाळंतिणीचं पोट कढत पाण्याच्या फडक्यानं शेकायचं, दाबायचं, वर ओला कांगा, आमच्या बायकांचं अंगाला गुंडाळायचं कापड, आवळून बांधायचा, ही आमच्याकडची रीत. सीझर झालेल्या पोटावरही सासवा तेच करायच्या, नर्सची पाठ फिरली की. मा दोमितिला थर्मास जप्त करायची, ओले कांगे चिमटीत धरून दाराबाहेर भिरकवायची. "भाजी शिजवताय का तिची?" दुसरा सापडायचा डॉक्टर, मोबाइल ऑपरेशनच्या खोलीबाहेर ठेवत नाही म्हणून. "कान धरून बाहेर काढीन तुम्हाला, मग शिकून आलात म्हणून बघणार नाही." कोंबड्या वाळत्या चादरींवर बसतात म्हणून कुंपण झालं. हात धुवायच्या नळाशी ती स्वतः उभी राहू लागली. जखमा थोड्या कमी झाल्या. वास गेला नाही.

अशात तिच्या सुनेला दिवस गेले.

केमिलेम्बे तिच्या एकुलत्या एका मुलाची, रुगेमालिराची बायको. तो तळ्यापलीकडे म्वांझा शहरात मासळीच्या धंद्यात, महिनोन्‌महिने तिकडेच. सून सासूजवळ. पहिली मुलगी सीझरनं झालेली, त्यामुळे हेही सीझरच होणार हे ठरलेलं. पोरगी गरीब, आवाज असा की भिंतीला विचारून बोलते की काय वाटावं. रोज सकाळी गुडघे टेकून सासूला नमस्कार करायची आणि ऊठ म्हटल्याशिवाय उठायची नाही. घरात आली त्या दिवशी तिनं घासलेलं पातेलं मा दोमितिलानं नाकाशी नेऊन हुंगलं होतं. पातेलं स्वच्छ होतं. तरी केमिलेम्बे तेव्हापासून प्रत्येक भांडं दोनदा घासायची.

मा दोमितिलाचा सुनेवर जीव होता, पण तो तिनं कधी तोंडानं सांगितला नाही. तोंड दुसऱ्या कामात गुंतलेलं असायचं. तारीख ठरली तेव्हा ती तिच्या हाताखालच्या नर्सला, जोवीताला म्हणाली, "हिची जखम बिघडता कामा नये. बिघडली तर मी रुगेमालिराला तोंड दाखवणार नाही. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होईल."

जोवीता म्हणाली, "मा, एक बोलू? रागावू नका."

"आधी बोल, मग ठरवते."

"मला एक विचित्र दिसतंय. शेतातून धावतपळत आणलेल्या बायका, पायाला चिखल, कपड्यांना शेण, त्यांच्या जखमा बऱ्या होतात. आणि ज्या आधीपासून थांबायच्या घरात येऊन राहतात, आंघोळ करून तयार होऊन येतात, त्यांच्याच कुजतात."

"म्हणजे आता चिखल फासायचा का सगळ्यांना?" मा दोमितिला खेकसली. "शिकलीस ते सगळं विकून खाल्लंस वाटतं." जोवीतानं ट्रे उचलला आणि ती निघून गेली. पण हे बोलणं मा दोमितिलाच्या डोक्यातून गेलं नाही.

हे थांबायचं घर इस्पितळाच्या आवारातच होतं, उताराला, पत्र्याचं. दिवस भरत आलेल्या लांबच्या बायका तिथे येऊन राहायच्या. मा दोमितिला तिकडे सहसा फिरकायची नाही. केळ्याच्या सालींचा सडका वास, धूर, दाटीनं झोपणाऱ्या बायका, तिला ते सहन व्हायचं नाही. काय हवं नको ते शिपायाकरवी विचारायची. केमिलेम्बेलाही तिनं ऑपरेशनच्या आधी तिथेच ठेवलं होतं, घरापासून इस्पितळाची चढण लांब म्हणून. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी नवी धुतलेली चादर आणि साबणाची वडी घेऊन ती स्वतः निघाली.

घरात कुणी नव्हतं. मागे न्हाणीसाठी बोरूचं कुंपण घातलेलं, तिकडून खिदळणं ऐकू येत होतं. ती जवळ गेली आणि थबकली, कारण कुंपणाच्या आतून तिचाच आवाज येत होता.

"शी! हे काय वाढवून आणलंयस ग?" तोच नाकातला सूर, तोच शेवटचा हेल. "ह्यात डॉक्टरनं मूल शोधायचं की..."

"हरवलेली बकरी!" सगळ्यांनी मिळून पुरं केलं आणि हसून लोळल्या.

आधी मा दोमितिलाचं डोकं सणकलं. मग तिनं बोरू बाजूला सारून आत पाहिलं. बायका ओंडक्यावर ओळीनं बसल्या होत्या, एकेकीचं पोट हे एवढं. समोर दगडावर म्हातारी मा कोकुगोंझा. ही कधीतरी नातीबरोबर आली होती, नात बाळ घेऊन गेली, म्हातारी राहिली, स्वयंपाक करते, पाणी तापवते, म्हणून कुणी तिला जा म्हटलं नाही. तिच्या दोन बोटांत दाढीचं एक उघडं पातं होतं. शेजारी दूध पावडरीचा डबा, त्यात राखाडी पाणी. त्यावर साबणाचा मळकट फेस, फेसात केस, आणि कडेला फिकट गुलाबी रंग उतरलेला. म्हातारीनं पातं त्यात खळबळलं, कांग्याला पुसलं आणि पुढच्या बाईला हाक मारली, "ये ग तू, तुझी बकरी शोधू."

मा दोमितिला आत शिरली. हसू जागच्या जागी मेलं. बायका धडपडत उठल्या, कांगे सावरू लागल्या. म्हातारी तेवढी बसून राहिली.

"काय चाललंय हे?"

"तुझ्यासाठी नटवतेय ह्यांना. दुसरं काय?"

"सगळ्यांना एकच पातं?"

"चांगलं आहे पातं. दगडावर लावते ना मी रोज."

"हे बंद केलंय! डॉक्टरांनी येऊन सांगितलं नाही तुम्हा सगळ्यांना?"

"सांगितलं की." म्हातारीनं पातं केळीच्या पानात गुंडाळलं आणि वर पत्र्याच्या खाचेत खोचलं. "डॉक्टर म्हणतो राहू देत. तू म्हणतेस बकरी हरवली. आता बाईनं ऐकायचं कुणाचं? चादर वर करायला टेबलाशी कोण उभं असतं, डॉक्टर की तू?"

मा दोमितिलाची नजर ओळीवर फिरली, ती केमिलेम्बेला शोधत होती. सून ओळीत नव्हती, म्हणून तिचा जीव क्षणभर भांड्यात पडला. मग कुंपणाच्या कोपऱ्यातून केमिलेम्बे पुढे आली, एका हातानं कांगा धरून, जड पोटानिशी कशीबशी गुडघ्यांवर बसली.

"नमस्कार, आई. माझं सकाळीच झालंय." आणि मान खाली घालून, जणू चांगलं काही सांगावं तसं म्हणाली, "दोनदा करून घेतलं. तिथे तुम्हीच असणार ना, म्हणून."

मा दोमितिलानं तिला आत नेऊन पाहिलं. ओटीपोटाखाली, जिथे सुरा जायचा बरोबर तिथे, लाल ठिपके आणि बारीक ओरखडे. एक-दोन तर आताच फुगून आले होते. त्या डब्यातलं राखाडी पाणी तिच्या डोळ्यांसमोर आलं. ती बाहेर धावली आणि कुंपणाला धरून ओकली. लोकांना वाटलं, डबा बघून तिला शिसारी आली. डब्याची आलीच होती. पण जास्त किळस तिला त्या आवाजाची आली होती, म्हातारीच्या तोंडून ऐकलेल्या तिच्या स्वतःच्या आवाजाची. असलं घाणेरडं काही आपण वर्षानुवर्षं तोंडात बाळगलं, आणि इतकं तिखट नाक असून त्याचा वास आपल्याला कसा आला नाही?

ती तडक डॉक्टरकडे गेली. म्वोम्बेकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कातडी भरून येऊ दे. दिवस आहेत अजून हातात, आपण पुढे ढकलू." मा दोमितिलानं इतक्या मनापासून त्याला हो आजवर कधी म्हटलं नव्हतं. पण पोटातल्या मुलाला कुणी पुढे ढकललेलं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेलाच केमिलेम्बेला कळा सुरू झाल्या, आणि जुन्या टाक्यांचं पोट, थांबायची सोयच नव्हती.

जे करायचं ते सगळं झालं. सुरा लावायच्या आधी जंतू मारायचं इंजेक्शन गेलं होतं. कातडी औषधानं पुन्हा पुन्हा पुसली, वाळू दिली. डॉक्टरचा मोबाइल बाहेर होता. मुलगा झाला, धडधाकट, आल्या आल्या साऱ्या खोलीवर ओरडला. मा दोमितिलानं नातवाला नीट पाहिलंही नाही. ती त्या लाल ठिपक्यांकडेच बघत होती.

त्यानंतर ती रोज थांबायच्या घरात जाऊ लागली. पत्र्यातलं पातं तिनं पहिल्याच दिवशी काढून खड्ड्यात टाकलं. मग ओंडक्यावर बसून, जमेल तितक्या मऊ आवाजात म्हणाली, "पोरींनो, काही काढायचं नाही. जशा आहात तशा या. मी काही बोलणार नाही." बायका खाली बघत "हो, मा" म्हणाल्या. ती चढण चढून दिसेनाशी झाली तशी त्यांच्यात कुजबुज झाली. एक म्हणाली, "परीक्षा बघतेय आपली." दुसरी म्हणाली, "ऐकून तसंच गेलं ना, तर बकरी काय, आख्खा कळप काढील ही." आणि संध्याकाळच्या आत दुकानातून नवं पातं आलं. मा कोकुगोंझानं ते दगडावर लावलं. काय दोष द्यायचा त्यांना? इतकी वर्षं जी बाई चारचौघांत बायकांचे कपडे फेडून हसली, ती आज मऊ बोलते म्हणून विश्वास ठेवायचा? मीसुद्धा ठेवला नसता.

केमिलेम्बेची जखम आधी एका टोकाला लाल झाली, मग कढत, मग फुगली. मा दोमितिला खाटेशी गेली की आधी नाकानं हवा चाचपायची. एका सकाळी दारातूनच तिला कळलं. डॉक्टरनं टाके मोकळे केले, पू काढला, औषध बदललं. "जिवाला धोका नाही," तो म्हणाला, "पण ती उघडीच ठेवून आतून भरू द्यावी लागेल. वेळ लागेल. रोज धुवावी लागेल." मा दोमितिलानं ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

केमिलेम्बे त्या वेळी छताकडे बघत पडून राहायची. दुखलं तरी आवाज नाही. बाळ जोवीताच्या हातात. बाहेर रुगेमालिरा म्वांझाहून आलेला, पायरीवर बसलेला. त्याला आईनं काय सांगितलं आणि त्यानं काय ऐकलं हे त्या दोघांनाच ठाऊक, पण तो आईशी बोलत नव्हता, फक्त बायको कधी घरी येईल एवढं विचारायचा.

मग एक दिवस असा आला की मा दोमितिला ट्रे घेऊन गेली आणि केमिलेम्बेनं चादर दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. तिनं सासूला कधी अडवलं नव्हतं, गुडघ्यांवर असताना उठायचीसुद्धा परवानगी मागणारी ती पोरगी.

"आज राहू दे, आई."

"का ग? जास्त दुखतंय का?"

"नाही. उद्या करा. नाहीतर जोवीताताई करतील."

"अग, एक दिवस चुकवून चालत नाही. सोड चादर."

केमिलेम्बेच्या डोळ्यांत पाणी आलं. ती भिंतीकडे तोंड करून इतक्या हळू बोलली की मा दोमितिलाला वाकावं लागलं. "परत वाढलेत. मी पातं मागवलं होतं, पण जोवीताताईंनी हातातून काढून घेतलं. तुम्ही बघू नका, आई. तुम्हाला शी वाटेल."

मा दोमितिलानं ट्रे खाटेवर ठेवला. तिला सुनेच्या केसांवरून हात फिरवायचा होता, पण तसं कधी केलं नसल्यामुळे हात कुठे ठेवायचा हे कळेना. शेवटी तिनं चादर धरलेल्या बोटांवर हात ठेवला. "नाही ग बाळा," ती म्हणाली, आणि हे ती अगदी खरं बोलत होती. "मला शी नाही वाटत. मला तुझी कधीच शी नाही वाटायची. सोड बघू."

केमिलेम्बेनं मान वळवली. सासूच्या तोंडाकडे बघत, हळूहळू, तिनं बोटं सैल केली. मा दोमितिलानं चादर बाजूला केली, चिमट्यानं कालची पट्टी उचलली. खालून कोंडलेला वास एकदम वर आला, आणि जन्मभराच्या सवयीनं तिचं नाक मुरडलं.

"माफ करा, आई," केमिलेम्बे म्हणाली.